मदत हवी आहे: स्पेसी या पायथनच्या मजकूर-विश्लेषण लायब्ररीच्या पाइपलाइनमध्ये (एकामागून एक चालणाऱ्या टप्प्यांत) एन्टिटी (ओळखलेली नावं) मधेच गायब होतात

रंकाळा_काठ:
कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या सौद्यांच्या बातम्यांतून गावं आणि भाव काढायचे आहेत. गावं ओळखणारा एन्टिटी रूलर एकटा चालवला की कागल, शिरोळ सगळं सापडतं. साफसफाईचा कंपोनंट (पाइपलाइनमधला एक टप्पा) जोडला की एकही एन्टिटी उरत नाही. एररही नाही. उद्या दाखवायचंय, लवकर सांगा.

टोकनवाला:
व्हर्जन? कोड? साफसफाई म्हणजे नक्की काय, आणि रूलरच्या आधी की नंतर?

उसाचा_फड:
एवढ्यासाठी स्पेसी कशाला भावा? जिल्ह्यात तालुके १२ तर आहेत. रेगेक्स (अक्षरांचा साचा शोधणारं सूत्र) लिही, मोकळा हो.

रंकाळा_काठ:
तालुके नाही ओ, गावं. व्हर्जन ३, रूलरच्या नंतर. 'आजऱ्यातून' मधला 'ऱ्य' कुणी 'ऱ' वापरून टाइप करतं, कुणी साधा 'र' आणि न दिसणारा जॉइनर घालून. ते एकसारखं करतो, मेक-डॉक फंक्शनने त्या मजकुराचा डॉक (शब्द आणि त्यांच्या नोंदी ठेवणारा ऑब्जेक्ट) बनवतो, परत देतो.

टोकनवाला:
चूक तिथंच आहे. मजकुराचे शब्द (टोकन) पाडणारा टोकनायझर डॉक एकदाच बनवतो. पुढे प्रत्येक कंपोनंट तोच डॉक घेतो, त्यावर आपली नोंद करतो आणि परत देतो. तुमचा कंपोनंट नवा कोरा डॉक पुढे पाठवतोय. रूलरच्या नोंदी जुन्यावरच राहिल्या. काहीच परत दिलं नसतं तर ई००५ एरर आली असती. डॉकचा मजकूर नंतर बदलता येत नाही, म्हणून साफसफाई आधीच, साध्या स्ट्रिंगवर करा.

पंचगंगा_तीर:
असं करू नका. जॉइनर काढला की अक्षरांचे क्रमांक सरकतात, मूळ बातमीत गाव ठळक करता येत नाही. रूलरच्या आधी कंपोनंट ठेवून टोकनच्या नॉर्ममध्ये (प्रमाण रूपाच्या रकान्यात) शुद्ध रूप भरा, रूलरचे पॅटर्न नॉर्मवर लावा.

टोकनवाला:
ठळक करायचंय असं ते म्हणालेत कुठं? उद्या दाखवायचंय त्यांना.

गूळ_सौदा:
रव्याचं (गुळाच्या ढेपेचं) वजनही बघा. ३० किलोचा रवा, १० किलोचा रवा असं लिहितात, तो आकडा भाव म्हणून उचलला जाईल.

रंकाळा_काठ:
स्ट्रिंगवर केलं, गावं आली. पण 'कागलला', 'शिरोळहून' सुटतात.

उसाचा_फड:
म्हणून रेगेक्स म्हणत होतो.

पंचगंगा_तीर:
रूलरच्या पॅटर्नमध्येच रेगेक्स चालतो. ला, हून, मध्ये, चा-ची-चे, च्या हे प्रत्यय लिहून शब्दाचा शेवट तिथंच बंद करा, नाहीतर 'कागलकर' आडनावही गाव ठरेल. आजऱ्याला मात्र मूळ रूपच बदलतं, तिथं 'आजऱ्या' वेगळं द्यावं लागेल.