इंजिनखाली तेल दिसलं की ट्रॅक्टर फोडायचाच का?

गोदाकाठ
आमच्या भागात एक रीतच पडून गेलीय. जुन्या मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या क्लच हाउसिंगखाली तेल ठिबकताना दिसलं की मिस्त्री वाकून बघतो, बोटाला लावतो आणि निकाल देतो, "मागचं सील गेलं, फोडावा लागंल." मागचं सील म्हणजे क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला तेल अडवणारं सील, आणि फोडणं म्हणजे ट्रॅक्टर मधोमध सोडवणं. मृग तोंडावर आणि ट्रॅक्टर दोन तुकड्यांत शेडमध्ये. माझं मत असं की फोडणं हा शेवटचा इलाज आहे आणि आपल्याकडं तो पहिला करतात.

या ट्रॅक्टरांना जीपसारखी वेगळी चेसी नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स हाच सांगाडा. त्यामुळं मागच्या सीलपर्यंत जायचं तर पुढचा भाग जॅकवर घेऊन इंजिन वेगळं करायचं, मग क्लच, मग फ्लायव्हील. एवढं सगळं खोलायचं आणि गळती निघाली इंजिनाच्या डोक्यावरच्या टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून! हे मी आमच्या शेजारच्या गावात पाहिलंय. कॉर्कचं पॅकिंग वाळून कडक होतं, तेल ब्लॉकच्या पाठीवरून उतरतं, पुढचा फॅन त्याला आणखी मागं ढकलतो आणि शेवटी थेंब लोंबतो तो हाउसिंगच्या तळाला. म्हणून थेंब जिथं पडतो तिथं गळती असतेच असं नाही.

आधी थंड इंजिन डिझेल आणि ब्रशनं धुवा. डायनॅमो, स्टार्टर पिशवीनं झाका. कोरडं झालं की संशयाच्या जागी टाल्कम पावडर मारा, गरम होईपर्यंत चालवा, बंद करा आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. पावडरीत जिथं सगळ्यात वर ओल दिसेल, ती गळतीची जागा. त्याच्या खालचं सगळं ओघळ.

उदगीरचा पाना
काका, सगळं बरोबर. पण तुमच्यासारखे धुऊन बघणारे किती? माझ्याकडं येतेत ते क्लच सरकायला लागल्यावर येतेत. मागच्या सीलचं तेल फ्लायव्हीलवर उडतं, प्लेटवर जातं. उसाची ट्रॉली लावून चढाला गेलं की इंजिन नुसतं ओरडतं, चाक फिरत न्हाई. मग सील राहिलं बाजूला, प्लेट बी गेली. मी फोडा म्हणतो ते मजुरीसाठी न्हाई. एकदा फोडला की सील, क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग सगळं एकाच मजुरीत होतं. आज सील, पुढच्या साली बेअरिंग, असं दोनदा फोडण्यात मालकाचंच नुकसान हाय.

गोदाकाठ
मिस्त्री, सील गेलंय हे ठरल्यावर तुमचं एकशे एक टक्का मान्य. माझा वाद ठरवण्याबद्दल आहे. हाउसिंगच्या तळाच्या भोकातून येणारं तेल कुठलं, हे तरी बघता का? काळं, पातळ, जळक्या वासाचं असेल तर इंजिनाचं. दाट, पिवळसर आणि नव्वद नंबरच्या गिअर ऑइलचा तो उग्र वास असेल तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील. फोडावं दोन्हीत लागतं, पण इंजिनाचं सील बदलून परत जोडला आणि गळती तशीच, हा प्रकार तरी टळेल.

आणि ब्रीदर, म्हणजे इंजिनाला श्वास सोडायची नळी! काळ्या मातीच्या धुळीनं ब्रीदर बुजला की इंजिनाच्या पोटातला दाब बाहेर पडायला वाट शोधतो. मग सील नवं असो की जुनं, तेल बाहेर येणारच. पिस्टनच्या रिंगा झिजून बॅक कॉम्प्रेशन मारत असेल, म्हणजे वरचा दाब खाली इंजिनाच्या पोटात उतरत असेल तर तीच गत. तेल भरायचं झाकण चालू इंजिनावर काढून बघा. तिथून भकाभक धूर येत असेल तर दोष सीलचा नाही, आणि नवं सील घालून तुम्ही मालकाला फक्त एक हंगाम विकताय.

उदगीरचा पाना
"विकताय" हा शब्द मागं घ्या काका. ब्रीदर मी बी साफ करतो.

हिंगोलीचा वखर
एवढा काथ्याकूट कशाला? जुना ट्रॅक्टर गळतोय म्हणजे आत तेल आहे, न गळायला लागला की घाबरा. आठवड्याला थोडं तेल वरून टाकायचं आणि पाळी घालायची. आमचा बाप असाच चालवत आला.

मळ्यातली सविता
दादा, वरून टाकायच्या आधी तेल मोजायची काडी बघता का? आमच्याकडं तेल कमी नाही, वाढत होतं. सकाळी ट्रॅक्टर सपाट जागी थंड असताना काडी काढली तर तेल वरच्या खुणेच्याही वर. घरात सगळे खूश, इंजिन तेल खात नाही म्हणून! मी काडीचा थेंब जुन्या वर्तमानपत्रावर टाकला. मधे काळा ठिपका राहिला आणि भोवती पिवळट ओलं कडं पसरत गेलं. नाकाला लावला तर डिझेल. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा पडदा फाटला होता आणि डिझेल थेट इंजिनाच्या तेलाच्या चेंबरमध्ये उतरत होतं. बाहेर एक थेंब नाही.

डिझेल मिसळलेलं तेल पातळ होतं, बेअरिंगला धरत नाही. पातळी फारच वाढली तर इंजिन आपलंच तेल ओढून भडकतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही. फीड पंप धड निघाला तर डिझेल पंपाच्या शाफ्टचं सील तपासायचं. तेव्हा "वरून टाका" हा सल्ला सरसकट देऊ नका. आणि वाढणारं तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर ते पाणी. मग ट्रॅक्टर चालूसुद्धा करायचा नाही.

हिंगोलीचा वखर
ताई, हे खरंच माहीत नव्हतं. काडी बघतो. बाकी माझं म्हणणं तेच, ठिबकला म्हणून फोडायचा नाही.

परभणी ४२ अंश
मूळ रोग कुणी बोलतच नाही. जुन्या इंजिनात लोक १५डब्ल्यू-४० हे मल्टिग्रेड तेल टाकतात. आमच्याकडं साधं चाळीस नंबर तेल होतं तोवर एक थेंब नव्हता.

गोदाकाठ
अर्धं पटतं. इंजिन गरम झाल्यावर १५डब्ल्यू-४० आणि चाळीस नंबर जवळपास सारखेच दाट असतात, तोच तर त्या ४० चा अर्थ. फरक थंडपणी. रात्रभर उभा राहिल्यावर मल्टिग्रेड जास्त पाझरू शकतं. पण परभणीत थंडीत पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा सकाळी सकाळी चाळीस नंबर वरच्या रॉकरपर्यंत पोचायला वेळ घेतं. गळती झाकायला तेल दाट करणं मला पटत नाही.

जालना रोड
विकून टाका की. नवीन घ्या, हप्ते भरा, झोप लागेल.

मळ्यातली सविता
हप्ते भरणाऱ्याला झोप लागते हे पहिल्यांदाच ऐकलं.

उदगीरचा पाना
कामाचं बोला. मॅसीत येणाऱ्या पर्किन्स कंपनीच्या घराण्यातल्या लई जुन्या इंजिनांत मागचं सील म्हंजे रबर न्हाई, दोरी असती. दोन अर्ध्या हाउसिंगात ती बसवायची. तेलात भिजवायची, गोल दांड्यानं दाबत दाबत चरीत घालायची, दोन्ही टोकं केसभर वर ठेवायची म्हंजे हाउसिंग आवळल्यावर एकमेकांवर दाबली जातेत. टोकं कापताना घाई केली की गळती तिथूनच. काही जण दोरी काढून रबरी सील घाला म्हणतेत. क्रँक आणि हाउसिंग त्या सीलचं असल्याबिगर ते बसत न्हाई. आणि जुनी दोरी ब्रशनं झाडू नका, हवा मारू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतंय. ओली करून काढायची.

गोदाकाठ
ही माहिती सोन्यासारखी दिलीत. तरी माझं एक राहिलंच. पेरणीच्या तोंडावर थेंब दिसला, क्लच सरकत नाही, तेल इंजिनाचंच आहे, ब्रीदर साफ आहे. मी म्हणेन काडी रोज बघत पेरणी उरका, मग फोडा.

उदगीरचा पाना
मी म्हणंन आधी हाउसिंगच्या तळाची कॉटर पिन हलवून बगा. ती भोक मोकळं राहावं म्हणून असती, पण निम्म्या ट्रॅक्टरांत गायब असती आणि भोक चिखलानं बुजलेलं. तेल आतच साठतं, प्लेट त्यात फिरती आणि मालक म्हणतो आता गळायचं थांबलं. तार घालून भोक मोकळं करा. भळकन किती पडतंय ते बगा, मग पेरणीचं ठरवा.