मदत हवी आहे: मिरचीवरचा कोळी आणि ‘नॅनो नीम’ची बाटली (कडोली, बेळगाव)

नमस्कार मंडळी,

कडोलीत आमची 25 गुंठे मिरची आहे, जानेवारीअखेरची लावण. शेती आप्पा बघतात. मी बेळगावात नोकरी करते, रविवारी रानात जाते. मागच्या रविवारी गेले तर सरीच्या सरी आखडलेल्या. शेंड्याची पानं पालथ्या होडीसारखी खाली वळलेली, देठ लांबून उंदराच्या शेपटीगत झालेले. गावात याला सरसकट बोकड्या म्हणतात, आमचे कन्नड शेजारी मुटुरू रोग म्हणतात. पण फुलकिड्यांनी पान वर वळतं, कोळ्यानं (माइट, पानाचा रस शोषणारी बारीक कीड) खाली, हे मला माहीत होतं. पान उलटं करून भिंगाखाली धरलं. शिरेच्या कडेला पिवळट, काचेसारखे जीव चालत होते. पिवळा कोळीच.

फेब्रुवारीत फुलकिड्यांसाठी आप्पांनी सायपरमेथ्रिन दोनदा मारलं होतं. कोळ्याला खाणारे मित्रकोळी त्यातच मेले असणार, असा माझा अंदाज. मग पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक मारलं, लिटरला 3 ग्रॅम. आठवड्यानंतरही शेंडे सुटेनात, तेव्हा एका दुकानातून ‘नॅनो नीम’ लिहिलेली बाटली आणली. वनस्पतीजन्य आहे, कितीही मारा, काही होत नाही, असं दुकानदारानं सांगितलं. आप्पांनी भरदुपारी मारलं. चौथ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या, फुलं गळून सरीत पडली. आप्पा त्यानंतर दोन दिवस रानाकडं फिरकले नाहीत. हे मला फार लागलं.

बाटली आत्ता माझ्यासमोर आहे. लेबल कन्नडमध्ये आहे, शेजारच्या काकांकडून वाचून घेतलं. नोंदणी क्रमांक नाही, बॅच नाही, मुदत नाही, विषाची तीव्रता दाखवणारा रंगीत चौकोन नाही. अ‍ॅझाडिरॅक्टिन या कडुनिंबातल्या कीडनाशक घटकाचं प्रमाण किती पीपीएम, तेही नाही. पावतीही दिलेली नाही.

वाचून मला एवढं कळलं की ‘वनस्पतीजन्य नॅनो’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. एकात निंबोळी तेलाचेच थेंब 20 ते 200 नॅनोमीटरपर्यंत बारीक केलेले असतात. पिवळा कोळी साधारण 0.2 मिलिमीटरचा, म्हणजे 2 लाख नॅनोमीटर. इतका बारीक थेंब पानभर पसरतो आणि उन्हात लवकर मोडणारं अ‍ॅझाडिरॅक्टिन जास्त टिकावं असाही त्यामागं हेतू असतो. दुसऱ्यात सिल्व्हर नायट्रेटच्या पातळ द्रावणात पाल्याचा अर्क ओततात, द्रावण तपकिरी होतं आणि चांदीचे नॅनोकण तयार होतात. पाला इथं कण घडवायला लागतो, पण शेवटी हातात येते ती चांदीच. याला ‘नैसर्गिक’ म्हणून तोडणीच्या मिरचीवर मारणं मला पटत नाही. ही मिरची आमच्याही ताटात येते.

आमच्या बाटलीत यातलं नक्की काय असेल? झाडं सावरतील का? आणि मत्तिकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात मराठीत बोलून चालेल का? आप्पांना कन्नड जेमतेम येतं.

प्रतिसाद, खानापूरहून:
ताई, नॅनोचं बाजूला ठेवा, आधी तारखा बघा. बाटलीत निंबोळी तेल असेल, तर गंधकानंतर आठवड्यातच तेल मारलंय. गंधक आणि तेलाची फवारणी यांत निदान दोन-तीन आठवडे अंतर लागतं, नाहीतर पान भाजतं. त्यात मार्चचं ऊन, भरदुपार. थेंब बारीक असो की मोठा, करपणारच होतं. आता आठ-दहा दिवस पंप खाली ठेवा. हलकं पाणी द्या, अगदी वाया गेलेले शेंडे खुडून रानाबाहेर न्या. नवी फूट आली की भिंगानं बघा. कोळी दिसला तर मिरचीसाठी शिफारस असलेलं कोळीनाशक घ्या, स्पायरोमेसिफेन किंवा फेनाझाक्विन. मात्रा आणि तोडणीपर्यंतचे दिवस लेबलावरचेच. पानाच्या खालून मारा, संध्याकाळी. तेच औषध पुन्हा पुन्हा नको, कोळी त्याला सरावतो.

प्रतिसाद, निपाणीहून:
गंधकाचं बरोबर आहे, पण बाटलीचा विषय सोडू नका. नॅनो शेती-उत्पादनांच्या तपासणीसाठी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना 2020 मध्ये आल्यात आणि कीडनाशक म्हणून विकायचं तर 1968 च्या कायद्याखाली नोंदणी लागतेच, मग ते पाल्याचं असो. नॅनो युरियाची बाटली बघून लोकांना हेही तसंच वाटतं, पण ते खत आहे, त्याचा कायदा वेगळा. तुमची बाटली फेकू नका, तशीच घेऊन कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात जा. मत्तिकोप्पला मी गेलोय, मराठी समजणारे भेटले. जाताना करपलेली पानं आणि कोळी असलेले शेंडे वेगवेगळ्या पिशव्यांत न्या.

कडुनिंबच वापरायचा असेल तर घरचा 5 टक्के निंबोळी अर्क बरा: 5 किलो निंबोळीची पूड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून 100 लिटर करायचं. आधी दोनच सरींवर. शेजारच्या दोन सरींवर नुसतं पाणी. दहा शेंडे खुणेनं बांधून ठेवा आणि तिसऱ्या, सातव्या दिवशी कोळी मोजा.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. गंधकाची तारीख आप्पांना फोनवर परत विचारली. बरोबर सात दिवसच झाले होते. ते म्हणाले, “म्हणजे झाडं वाचतील?” आणि लगेच, कुठल्या दोन सरी ठेवायच्या ते सांगू लागले. विहिरीकडच्या ठरल्यात. बाटली घेऊन सोमवारी रजा टाकून जाते, तिथं काय सांगतात ते इथंच लिहीन.