मदत हवी आहे: कपाशीत डोमकळ्या (गुलाबी बोंडअळीमुळे मिटून राहिलेली फुलं) निघाल्या, सापळ्यात पतंगही आहेत, फवारू की थांबू?

काळीकसदार: 4 एकर कपाशी, भारी जमीन, कोरडवाहू, बीजी-2 (बीटी) वाण. लागवड 18 जूनची, आज 84 दिवस झाले. एकरी 2 प्रमाणे 8 कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) आहेत. आज मोजले तर सापळ्यामागे सरासरी 25 पतंग. 100 फुलं पाहिली, त्यात 6 डोमकळ्या. बोंडं मात्र वरून स्वच्छ, एकालाही छिद्र नाही. पांढरी माशी थोडीफार आहे. दुकानातून प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचं तयार मिश्रण, एक टॉनिक आणि 12:61:00 हे विद्राव्य खत असं एकाच पंपात मारायला दिलंय. मारू का?

बोंडफोड्या: थांबा. हे 25 किती रात्रींचे? आणि ल्युर (सापळ्यातली वासाची गोळी) कोणती लावलीय, गॉसिप्लुर की हेलील्युर? पुष्कळ ठिकाणी हेलील्युर लटकवलेली असते. तिच्यात अमेरिकन बोंडअळीचे मोठे पतंग येतात आणि माणूस गुलाबी बोंडअळीचा हिशेब लावत बसतो.

काळीकसदार: गॉसिप्लुरच. पतंग लहान, करडे-तपकिरी. पिशवी 4 दिवस रिकामी केली नव्हती.

बोंडफोड्या: म्हणजे रात्रीला साधारण 6. फवारणी लागते ती पातळी आहे सापळ्यामागे रोज 8, तेही सलग 3 रात्री. रोज सकाळी मोजून पिशवी रिकामी करत जा, नाहीतर आकड्याला अर्थ राहत नाही. सापळा झाडाच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर हवा, पीक वाढलं की काठीवर सरकवा.

पण सापळ्यात फक्त नर येतात. तो इशारा देतो, निकाल बोंडात लागतो. अंड्यातून निघालेली अळी काही तासांतच कोवळ्या बोंडात शिरते आणि बोंड वाढताना ते छिद्र बुजून जातं. तुम्हाला बोंडं स्वच्छ दिसतात ती यामुळेच. गोल, स्पष्ट छिद्र दिसतं ते अळी बाहेर पडल्याचं, तोवर सरकी खाऊन झालेली असते.

शेतात तिरपं चालत एकरी 20 हिरवी बोंडं तोडा, एका झाडाचं एकच. साधारण 15 ते 20 दिवसांची, बोटांनी दाबली तर किंचित दबणारी. फोडल्यावर आधी सालीची आतली बाजू बघा, शिरल्या जागी बारीक फोड येतो. लहान अळी पांढरी असते, डोकं काळपट. गुलाबी रंग नंतर चढतो, म्हणून गुलाबी शोधणाऱ्याला ती सापडतच नाही.

काळीकसदार: एका एकरातली 20 फोडली. 3 मध्ये पांढरी अळी, 2 मध्ये नुसते फोड.

विळा_खुरपं: फोडवाली सोडली तरी 15 टक्के. पातळी 10 टक्क्यांची, तेव्हा फवारणी लागणार. बाकीच्या 3 एकरांतलीही बोंडं फोडा, सगळीकडे सारखं नसतं.

ते मिश्रण मात्र परत करा. सप्टेंबरात सायपरमेथ्रिन मारलं की मित्रकीटक जातात आणि पांढरी माशी उसळते. तुमच्याकडे ती आधीच आहे. पायरेथ्रॉइड गट (सायपरमेथ्रिन त्यातलंच) नोव्हेंबरपर्यंत लांबच ठेवा. आता नुसतं प्रोफेनोफॉस 50 ईसी, 10 लिटरला 30 मिली, किंवा थायोडीकार्ब 75 डब्ल्यूपी 20 ग्रॅम. दोन्हींपैकी एकच. 16 लिटरच्या पंपाला प्रोफेनोफॉस 48 मिली बसतं. या वाढीला एकरी 200 लिटर पाणी, म्हणजे 12-13 पंप. 7 पंपांत एकर उरकला तर औषध खालच्या बोंडांपर्यंत पोचलंच नाही समजा. हे प्रमाण साध्या पंपाचं. पॉवर पंपाला पाणी कमी लागतं, तिथे एकरी औषध तेवढंच ठेवून टाकीचा हिशेब करायचा.

12:61:00 वेगळ्या दिवशी. टॉनिकचं नावच काढू नका. आणि फवारताना स्वतःला जपा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, तेव्हा कपाशी डोक्याएवढी वाढलेली होती. छातीच्या वर फवारा उडत असेल तर वारा पाठीशी घ्या; हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या. भर उन्हात नाही.

काळीकसदार: त्या 3 बोंडांतल्या अळ्या मरतील?

विळा_खुरपं: नाही. आत गेलेली अळी औषधाला सापडत नाही. फवारणी आहे ती अंड्यांसाठी आणि नुकत्या निघालेल्या अळ्यांसाठी. म्हणून 8 दिवसांनी पुन्हा 20 बोंडं फोडा आणि तेव्हा लागलं तर औषधाचा गट बदला. पहिल्या फवारणीला गुण आला नाही म्हणून तेच औषध दुप्पट प्रमाणात मारण्यात पैसाही जातो आणि पीकही.

बोंडफोड्या: एक राहिलं. फवारणीआधी डोमकळ्या वेचून घ्या. पाकळ्या चिकटून गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल, आत अळी बसलेली असते. 4 एकराला दोन बाया एक सकाळ.

काळीकसदार: वेचून बांधावर टाकल्या तर चालेल?

बोंडफोड्या: अजिबात नाही, अळी तिथेच मातीत कोष करते. बादलीत साबणाचं पाणी घेऊन फिरा आणि तोडली की लगेच त्यात टाका.