टीबी शिबिरात एआय एक्स-रे वाचणार आहे: किती स्कोअरला बेडका तपासायला पाठवायचा?

गिरणाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. तालुक्यातल्या सहा गावांत टीबी तपासणीची शिबिरं ठरली आहेत. पाच दिवस, अंदाजे १००० माणसं. उचलून नेता येणारं डिजिटल एक्स-रे यंत्र आणि लॅपटॉपवर एआय सॉफ्टवेअर मिळणार आहे. रेडिओलॉजिस्ट जागेवर नसेल. सहापैकी दोन गावांत दगडखाणी आहेत. ग्रामीण रुग्णालयात सीबीनॅट यंत्र आहे (बेडक्यातल्या टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारं), चार मॉड्यूलचं, म्हणजे एका वेळी चार नमुने तपासणारं.

सॉफ्टवेअर प्रत्येक एक्स-रेला ० ते १ मधला आकडा देतं. माहितीपत्रकात एक ठरीव कट-ऑफ (ज्याच्या वर आकडा गेला की बेडका तपासायचा) दिलाय, तोच वापरायचा का? एक्स-रे ‘नॉर्मल’ आला पण माणूस महिनाभर खोकतोय, तर काय करायचं? आणि आकडा ०.९ च्या वर गेला तर लगेच औषधं सुरू करता येतात का? अनुभवी लोकांनी नेमकं सांगावं.

---

फुप्फुसवैद्य

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक झाली तर माणसाला सहा महिन्यांची नको ती औषधं खावी लागतात. ०.९ असो वा ०.९९, त्या आकड्यावर औषधं सुरू करायची नाहीत. तो आकडा टीबी असण्याची टक्केवारीसुद्धा नाही. टीबीत दिसतात तसे बदल या फिल्ममध्ये किती ठळक आहेत, एवढंच तो सांगतो. जुन्या बऱ्या झालेल्या टीबीचा व्रण, सिलिकोसिस (दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार), न्यूमोनिया, फुप्फुसाचा कॅन्सर, यांतलं काहीही तेवढाच आकडा आणू शकतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये टीबीच्या तपासणीसाठी एक्स-रे वाचणाऱ्या माणसाच्या जागी असं सॉफ्टवेअर वापरायला मान्यता दिली, ती १५ वर्षं आणि त्यापुढच्या वयासाठी आणि फक्त चाळणी लावण्यापुरती. आजाराची खात्री बेडक्याच्या सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (तशीच डीएनए शोधणारी चाचणी) यांसारख्या तपासणीने करायची. त्यामुळे शिबिरात १५ वर्षांखालच्या मुलांना या आकड्यावर तोलू नका. मूल आजारी वाटलं किंवा घरात टीबीचा रुग्ण असला तर थेट वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवा.

महिनाभर खोकणाऱ्याचं उत्तर सोपं आहे: लक्षण किंवा एक्स-रे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, दोन आठवड्यांहून जास्त ताप, वजन घटणं, रात्री घाम, बेडक्यातून रक्त, यांपैकी काहीही असेल तर एआय काहीही म्हणो, बेडका घ्यायचा. एचआयव्ही असलेल्यांत तर टीबी असूनही एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. मानेची गाठ, मणका, पोट इथला टीबी छातीच्या फिल्मवर दिसणारच नाही, म्हणून ‘नॉर्मल’ची चिठ्ठी हातात देताना ‘तुम्हाला टीबी नाही’ असं कुणीही म्हणू नये.

एक्स-रे मग काढायचाच कशाला, असं कुणी विचारेल म्हणून सांगतो. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय टीबी सर्वेक्षणात सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के केवळ लक्षणं विचारली असती तर निसटले असते. ते एक्स-रेमुळे सापडले. शिबिराचा खरा फायदा या न खोकणाऱ्यांना आहे.

---

आकडेमोड

कट-ऑफबद्दल. माहितीपत्रकातला आकडा ही सुरुवात आहे. तुमच्या शिबिराचा कट-ऑफ तुमच्याकडे सीबीनॅटची किती क्षमता आहे आणि गावात टीबी किती आहे, यावर ठरतो. कागदावर मांडूनच बघा.

त्याच सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या लोकसंख्येत लाखामागे ३१६ जणांना फुप्फुसाचा टीबी निघाला होता. म्हणजे १००० माणसांत साधारण ३. चाळणीच्या चाचणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये ठेवलेली किमान अपेक्षा होती ९० टक्के संवेदनशीलता (आजारी असलेल्यांपैकी किती पकडले) आणि ७० टक्के विशिष्टता (आजारी नसलेल्यांपैकी किती बरोबर सोडले). बरोबर याच ताकदीचं सॉफ्टवेअर धरा:

टीबी असलेल्या ३ पैकी २.७, म्हणजे जवळपास तिघंही सापडतात. टीबी नसलेल्या ९९७ पैकी ३० टक्के, म्हणजे २९९ जणांवरही ‘संशयित’ अशी खूण पडते. एकूण ३०२ बेडके, त्यांत खरे ३. पाच दिवसांत भागा: रोज ६०. चार मॉड्यूलचं यंत्र, एका फेरीला सुमारे दोन तास, म्हणजे एका पाळीत १२ ते १६ नमुने. त्यातही रुग्णालयाचे रोजचे नमुने आहेतच. पाच दिवसांच्या शिबिराचे बेडके पुढचे तीन-चार आठवडे चालतील, आणि तोवर निम्मी माणसं ऊसतोडीला किंवा कामावर निघून गेलेली असतील.

आता कट-ऑफ वर नेऊन विशिष्टता ९० टक्के केली तर खुणेची माणसं १०० च्या आसपास येतात, रोज २० एक. एका पाळीत हेही पूर्ण बसत नाहीत, पण आठवडा-दीड आठवड्यात संपण्यासारखे आहेत. पण त्यासाठी संवेदनशीलता थोडी सोडावी लागते, आणि ३ पैकी एखादा निसटू शकतो. हा निर्णय सॉफ्टवेअरवाल्याने घ्यायचा नाही, तालुक्याच्या टीबी युनिटने उघड्या डोळ्यांनी घ्यायचा आहे. माझं स्पष्ट मत: कट-ऑफ वर नेण्याआधी शेजारच्या तालुक्याचं सीबीनॅट किंवा ट्रूनॅट मागून बघा. यंत्र कमी आहे म्हणून रुग्ण सोडणं हा शेवटचा पर्याय.

दुसरं, कुणाला बोलावता यावरही सगळं फिरतं. सरसकट गावाऐवजी टीबी रुग्णांच्या घरचे, मधुमेही, साठीपुढचे, कुपोषित, बिडी-दारूवाले, आधी टीबी होऊन गेलेले असे १००० आणलेत आणि त्यांत समजा २० रुग्ण असले, तर त्याच सॉफ्टवेअरने १८ सापडतील आणि २९४ वर उगाच खूण पडेल. बेडके जवळपास तेवढेच, पण आधी शंभराहून जास्त बेडक्यांत एक मिळत होता, आता सतरा-अठरांत एक. कट-ऑफवर डोकं लावण्यापेक्षा यादीवर लावलेलं जास्त कामी येतं.

आणि आवृत्ती लिहून ठेवा. क्यूएक्सआर, कॅड४टीबी, जेन्की, लुनिट, प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी. कुणाची ० ते १, कुणाची ० ते १००. एकाच सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली तरी आकड्यांची मांडणी सरकते, जुना कट-ऑफ नव्या आवृत्तीला लावता येत नाही. शिबिर चालू असताना अपडेट घेऊ नका.

---

क्षकिरण

वरचे सगळे आकडे फिल्म नीट असेल तरच खरे. शिबिरात आकडा बिघडतो तो बहुतेक वेळा फिल्ममुळे.

माणूस पॅनेलला (एक्स-रे टिपणाऱ्या पाटीला) छाती टेकवून उभा, हनुवटी वर, हात कमरेवर, कोपर आणि खांदे पुढे म्हणजे खांद्याची फावडी फुप्फुसांवरून बाजूला जातात. ‘श्वास घ्या, सोडा, आता पूर्ण भरून घ्या आणि धरा’ असं म्हणवून मग फिल्म. छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या वर पाठीच्या ९ ते १० बरगड्या मोजता आल्या पाहिजेत. कमी श्वासात फुप्फुसाचा तळ दाटतो आणि सॉफ्टवेअरला तो आजार वाटतो. दोन्ही हसळ्यांची आतली टोकं मणक्यापासून सारख्या अंतरावर हवीत, नाहीतर माणूस तिरका उभा आहे.

शेंडे कापले जाऊ देऊ नका. टीबीची आवडती जागा फुप्फुसाचा वरचा भाग. घाईत यंत्र खाली राहिलं की तोच भाग फ्रेमबाहेर जातो आणि आकडा निवांत कमी येतो. यंत्र हातात धरून काढण्यापेक्षा स्टँडवर लावा, अंतर रोज एकच ठेवा, खाली चिकटपट्टीने खूण करा. रुग्णालयातल्या खोलीत १८० सेंमी धरतात, छोट्या यंत्राला ताकद कमी असल्याने थोडं जवळ यावं लागतं. पुरवठादाराने दिलेलं अंतर आणि एक्स्पोजर बदलू नका. फिल्म कमी एक्स्पोजरची निघाली की दाणेदार होते, आणि दाणेदार फिल्मवरचा आकडा भरवशाचा राहत नाही.

मंगळसूत्र, ताईत, गळ्यातला दोरा, धातूची बटणं, खांद्यावर आलेली वेणी, पदराच्या जाड घड्या, सगळं बाजूला. त्यासाठी आडोसा आणि एक आशाताई किंवा सिस्टर तिथे हवीच, नाहीतर बायका रांगेतूनच परत जातात. साधा सुती गाऊन दोन-तीन डझन ठेवा.

फिल्म डायकॉम फाइलमध्येच (एक्स-रे यंत्राची मूळ फाइल) सॉफ्टवेअरला द्या. स्क्रीनचा मोबाईलने फोटो काढून पाठवला तर करड्या छटा जातात, कडा वाकतात, चमक येते. नावानिशी एक्स-रे व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं तर अजिबातच नको.

सर्वांत धोक्याची चूक: टॅबवर पुढच्या माणसाची नोंद न उघडता फिल्म काढणं. मग एकाच्या नावावर दुसऱ्याची छाती. एका गावात एकाच आडनावाची पन्नास घरं असतात, नावावर विसंबू नका. निक्षयचा (टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीचा) क्रमांक आधी, फिल्म नंतर, आणि तोच क्रमांक बेडक्याच्या डबीवर. डबीच्या झाकणावर नाही, अंगावर.

यंत्र छोटं असलं तरी क्ष-किरण तेच. अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना, चालवणाऱ्याला शिशाचा एप्रन आणि टीएलडी बिल्ला (अंगावर किती किरण पडले ते मोजणारा), झोताच्या दिशेला दुसरा माणूस नको. बाईमाणसाला गरोदरपणाबद्दल आधी विचारा. गरोदर असेल तर लक्षणं विचारून पुढचं डॉक्टरांवर सोडा.

---

गिरणाकाठ

खूप उपयोगी. दोन शंका. कट-ऑफच्या खालच्यांत कुणी सुटलं का, हे कळायला त्यांतल्या १०० जणांचे बेडके तपासले तर चालेल का? आणि खाणीच्या गावांत बहुतेकांचे आकडे चढे येतील असं वाटतं, तिथे कट-ऑफ वर न्यायचा का?

---

आकडेमोड

१०० पुरणार नाहीत. १०० तपासून एकही निघाला नाही, तरी त्यावरून एवढंच म्हणता येतं की खालच्या गटात टीबी ३ टक्क्यांपर्यंत असू शकतो. गावातलं मूळ प्रमाणच ०.३ टक्के. म्हणजे या तपासणीने काहीच सिद्ध होत नाही आणि सीबीनॅटच्या १०० कार्ट्रिज जातात. कट-ऑफ नीट बसवणं जिल्हा किंवा राज्याच्या पातळीवर, हजारो फिल्म घेऊनच जमतं. त्यासाठीची कार्यपद्धती जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्येच दिली आहे.

तुम्ही तीन गोष्टी करा. कट-ऑफखालच्या दर वीस फिल्ममागे एक फिल्म रोज संध्याकाळी रेडिओलॉजिस्टला पाठवा. रोजच्या एकूण फिल्मपैकी किती टक्क्यांवर खूण पडली ते लिहा. काल १२ टक्के आणि आज ३५ असेल, तर गाव बदललं म्हणून की पॅनेल, अंतर, एक्स्पोजर बदललं म्हणून, हे त्याच दिवशी शोधा. आणि लक्षणं असूनही कट-ऑफखाली राहिलेल्यांपैकी किती सीबीनॅटला पॉझिटिव्ह निघाले ते वेगळं मोजा. सॉफ्टवेअर कुठे चुकतंय ते तिथेच पहिल्यांदा दिसेल.

---

फुप्फुसवैद्य

खाणीच्या गावांत कट-ऑफ वर नेऊ नका. सिलिकोसिसच्या गाठी फुप्फुसाच्या वरच्या भागातच दिसतात, म्हणून सॉफ्टवेअर त्यांना टीबीसारखं धरतं, हे खरं. पण सिलिका फुप्फुसात साठलेल्या माणसाला टीबी होण्याचा धोकाही इतरांपेक्षा बराच जास्त असतो. उगाच पडलेल्या खुणा आणि खरे रुग्ण, दोन्ही त्याच गावांत जास्त. तिथे खूण पडलेल्या प्रत्येकाचा बेडका घ्या, आणि सीबीनॅटला काही न निघालेल्यांची यादी करून सगळ्या फिल्म छातीरोगतज्ज्ञाला दाखवा. सिलिकोसिस स्वतःच नोंदवण्यासारखा व्यवसायजन्य आजार आहे, कामगाराचा नुकसानभरपाईचा हक्क त्यावर अवलंबून असतो. ‘टीबी नाही’ म्हणून ती फिल्म बंद करू नका.

आधी टीबी झालेल्यांबद्दलही तसंच. जुना व्रण आकडा चढवतो. त्यांच्यात सीबीनॅट मेलेल्या जंतूंचा डीएनएही पकडू शकतं, म्हणून अंधुक पॉझिटिव्ह आल्यास कल्चर (जिवंत जंतू वाढवून बघण्याची तपासणी) लावा. नकारात्मक म्हणायला ते ४२ दिवस घेतं, हे माणसाला आधीच सांगा.

---

बेडका तपासनीस

एक्स-रेने सापडलेले बहुतेक लोक खोकत नसतात, त्यामुळे ‘डबीत थुंका’ म्हटलं की लाळ येते. लाळेवर केलेली सीबीनॅट नकारात्मक येण्याची शक्यता जास्त आणि मग दोष एआयला. पाण्याने चूळ भरायला लावा, दोन-तीन वेळा खोल श्वास, मग छातीतून खोकला. किमान २ मिली, घट्ट. शिबिरातला एक नमुना आणि दुसऱ्या दिवशी उठल्या-उठल्याचा एक. सकाळचा जास्त चांगला, म्हणून डबी घरी द्या आणि आशाताईने सकाळी गोळा करावी. घ्यायची जागा उघड्यावर, रांगेपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. बंद खोलीत किंवा संडासात नाही.

नमुने बर्फाच्या पेटीत, २ ते ८ अंशांत, त्याच दिवशी पोचवा. ज्याला बेडका येतच नाही त्याला ‘नकारात्मक’ लिहू नका, ‘नमुना नाही’ लिहा. अशांना ग्रामीण रुग्णालयात ३ टक्के सलाईनचं नेब्युलायझेशन देऊन नमुना काढता येतो, तेही हवेशीर जागीच.

---

गिरणाकाठ

आणि खूण पडली, बेडका नीट होता, सीबीनॅट नकारात्मक. त्याला काय सांगायचं?

---

फुप्फुसवैद्य

‘तपासणी अजून संपलेली नाही’ हे सांगा आणि पुढची तारीख हातात द्या. फिल्म डॉक्टर बघतील. संसर्ग वाटला तर साधं प्रतिजैविक, पण लेव्होफ्लॉक्सासिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिन नको, कारण ती टीबीवरही चालतात आणि आजार झाकतात. साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे. डाग तसाच असेल तर दुसरा बेडका, गरज पडल्यास सीटी. चाळिशीपुढच्या बिडी ओढणाऱ्यात एकाच बाजूचा गोल डाग असेल तर दोन आठवडे थांबू नका, त्याला कॅन्सरच्या तपासणीला त्याच आठवड्यात पाठवा. या सगळ्यांची नावं एका वेगळ्या वहीत ठेवा, त्यात फोन नंबर, घरचा दुसरा नंबर आणि कोणत्या आशाताईंच्या वाडीतला, हे तीन रकाने हवेतच.