लहान वयात हृदयविकार: दोष ताटाचा की पेशीच्या आवरणाचा?

माधवी:
दादाची ३९ व्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. तंबाखू नाही, मटण महिन्यातून एकदा. तरी भेटायला येणारा प्रत्येक जण वहिनीला विचारायचा, "घरात तळणीचं फार असतं का?" ती मान खाली घालून ऐकून घ्यायची. एलडीएल, म्हणजे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, निघालं तब्बल २६८. टाचेमागच्या कंडरेवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर) कोलेस्टेरॉलच्या टणक गाठी होत्या, आम्ही त्यांना चपलेचे घट्टे समजत होतो!

माझं स्पष्ट मत आहे, अशा वेळी ताटाआधी पेशीचं आवरण बघा. यकृताच्या पेशींच्या आवरणात एलडीएल रिसेप्टर हे प्रथिन असतं. ते रक्तातले एलडीएलचे कण पकडून आत नेतं, माल सोडतं आणि परत वर येतं. एक फेरी साधारण १० मिनिटांची. हे शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. या यंत्रणेच्या जनुकाची एक प्रत बिघडून जन्मतःच एलडीएल वाढलेली माणसं दर २५०-३०० मध्ये एक असतात. दादाच्या ९ वर्षांच्या मुलीचं एलडीएल २१० आहे. तिने असं काय खाल्लं असणार?

विश्वास (सांगली):
ताई, वहिनींना असं बोलणं चूकच. पण एका घरावरून सगळ्यांचा निकाल लावू नका. माझ्या लॅबमध्ये येणारे रिपोर्ट बघा: एलडीएल ११५, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) ३००, साखर वाढलेली, पोट सुटलेलं, शिवाय गुटखा. यांच्या रिसेप्टरचं जनुक बहुतेक धडच असतं. खरी आग धमनीच्या अस्तरात असते. तिथल्या मॅक्रोफेज या भक्षक पेशींच्या आवरणावर सीडी३६ सारखी प्रथिनं असतात. ती बिघडलेलं एलडीएल गिळतात आणि पेशी भरली तरी थांबत नाहीत. फुगून फेसाळलेल्या याच पेशींचा थर साचतो. एकदा "जनुकातच आहे" म्हटलं की लोक चालणं सोडतात, हे मी रोज बघतो.

माधवी:
सीडी३६ सुद्धा आवरणातलंच प्रथिन की! आणि त्याला गिळायला एलडीएल आधी अस्तरात शिरायला हवं.

अनघा:
माधवीला दुजोरा. पीसीएसके९ हे प्रथिन रिसेप्टरला चिकटतं आणि त्याला वर परतू न देता पेशीतच नष्ट व्हायला लावतं. ज्यांच्यात त्याचं जनुक जन्मतः अर्धं निकामी होतं, अशा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा अभ्यास २००६ मध्ये आला. एलडीएल २८ टक्के कमी, हृदयविकार ८८ टक्के कमी. आणि त्या समाजात रक्तदाब, मधुमेह, सिगारेट काही कमी नव्हतं.

विश्वास (सांगली):
तो जन्मभराचा फायदा झाला. माझ्यासमोर पन्नाशीचा माणूस बसलेला असतो. पीसीएसके९ रोखणाऱ्या इंजेक्शनच्या २०१७ च्या चाचणीत एलडीएल ९२ वरून ३० वर आलं, तरी दोनेक वर्षांत झटके वगैरे १५ टक्केच घटले. शिवाय खर्च कोणाला झेपतो? त्याचा गुटखा तरी आज सुटू शकतो.

माधवी:
म्हणूनच म्हणते, पन्नाशीची वाट का बघायची? पुतणीसारखी मुलं आधीच शोधा.

विश्वास (सांगली):
त्याला ना नाही. तुम्हा भावंडांची तपासणी झाली का? प्रत्येकात हा दोष असण्याची निम्मी शक्यता असते.

माधवी:
माझं १०४ आलं. धाकटा टाळतोय, रविवारी ओढून नेणार आहे. उपाशीपोटी लागतं का?

विश्वास (सांगली):
एलडीएलपुरतं नाही लागत. खाल्लं असेल तरी न्या.