पंजाचा ठसा पावसाळ्यात का पाघळतो
मिठाच्या कणकेत घेतलेला कुत्र्याच्या पंजाचा ठसा जुलैत ओलसर झाला, असं का होतं, असं एकाने विचारलंय. मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं, त्यामुळे मुंबई-कोकणात हे होणारच. ते टाळायचं तर ठसा असा करा: दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, साधारण पाऊण वाटी पाणी. घट्ट मळून १ सेंटिमीटर जाड थापा आणि त्यावर पंजा दाबून ठसा घ्या. ओव्हन १०० अंशांवर, दोन-तीन तास, मधे एकदा उलटवून. आच वाढवलीत तर ठसा फुगून तडकतो. पूर्ण गार झाल्यावर वॉर्निशचे दोन हात द्या, मागच्या बाजूलाही. बहुतेक जण तीच कोरी ठेवतात आणि ओल तिथून शिरते. कच्ची कणीक मात्र कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका, इतकं मीठ जिवावर बेतू शकतं. पंजाही लगेच धुवा, नाहीतर तो चाटणारच.