जिप्सीला दोन इंच लिफ्ट करायचीय, प्रॉपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा दांडा) थरथरू नये म्हणून काय बघावं?

वारणाकाठ:
नमस्कार मंडळी. जिप्सी किंग आहे, एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनवाली), पाटे (लीफ स्प्रिंग) मूळचेच आणि मागचे जरा बसलेत. २०५/७० काढून २१५/७५ आर १५ टायर टाकलेत, ते पूर्ण स्टेअरिंग मारून खड्ड्यात गेलं की पुढे मडगार्डला घासतात. तेवढ्यासाठी दोन इंच लिफ्ट हवीय. आमच्या इथल्या एकाने केली तर त्याची गाडी ७० च्या वर गेली की आख्खी थरथरते, आरशात मागचं काही दिसत नाही. मला हायवेला रोजचं जाणं आहे. बजेट २५ हजार, वर एक रुपया नाही. कोणी केलंय का?

रानगवा:
२५ हजारात काय होणार रे भावा. मी बाहेरचं पूर्ण किट मागवलं, पाटे, शॉकअप, यू बोल्ट, बुश सगळं. सव्वा लाख गेले पण सिग्नलला लोक फोटो काढतात. थोडं थांब, पैसे साठव, एकदाच कर.

मधुकर_४बाय४:
शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला टांगणारी पट्टी) लांब टाक. वेल्डिंगवाल्याकडून जाड पट्ट्या कापून घेतल्या की झालं, चार हजारात काम. आमच्या वेळी शाफ्टच्या कोनाची डिग्री-बिग्री कोणी बघत नव्हतं, महिंद्राच्या जीपा अशाच उचलल्या आणि त्या अजून चालतात.

लेथवाला_सांगली:
@मधुकर_४बाय४ काका राग मानू नका पण थरथर तिथूनच सुरू होते. मागच्या पाट्याचं पुढचं टोक चेसिसला फिक्स आणि शॅकल मागे, शॅकल लांब केली की पाट्याचं मागचं टोक खाली जातं आणि त्याच्याबरोबर हौसिंग (अ‍ॅक्सलचं कवच) फिरून पिनियनचं (डिफरन्शियलच्या ज्या गिअरला शाफ्ट जोडतो त्याचं) तोंड वर बघायला लागतं. आता क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा वळणारा सांधा) वाकडा चालला की शाफ्ट एका फेरीत दोनदा पुढे पळतो दोनदा मागे राहतो, दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेच उलटं करून ते मारून टाकतो, पण दोन्ही कोन सारखे असले तरच. पिनियन फिरलं की वरचा कोन मोठा, खालचा लहान, मग जे उरतं ते सगळं सीटखाली जाणवतं.
@वारणाकाठ गाडी सपाट जागेवर चाकांवर उभी कर (जॅकवर नाही) आणि ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद वाटणाऱ्या पेटीचा) मागचा फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती) आणि डिफरन्शियलचा फ्लँज, दोन्हीवर अँगल मीटर लाव. मोबाईलचं अ‍ॅप पण चालतं. दोघं एका डिग्रीच्या आत जुळले पाहिजेत. नसले तर पाटा आणि हौसिंगच्या मधे लोखंडी पाचर, मागच्या हौसिंगला जाड बाजू मागे. पुढे शॅकल पुढच्या टोकाला असते म्हणून तिथे जाड बाजू पुढे, नाहीतर कॅस्टर (चाक वळतं त्या खिळ्याचा मागे झुकलेला कोन) जातो आणि हायवेला गाडी सरळ पळत नाही. अ‍ॅल्युमिनियमची पाचर घेऊ नको, तडकते. आणि पाचर टाकली की सेंटर बोल्ट लांब लागतो हे मेकॅनिकला आठवण कर.

कृष्णेचा_काठ:
पाचर टाक. पाचरीने होतं.

रानगवा:
माझ्या किटमध्ये पाचर आधीच होती, वेगळं काही करावं लागलं नाही.

मेलबर्नचा_माने:
इकडे हीच गाडी सिएरा म्हणून विकली गेली, त्यामुळे सामान भरपूर मिळतं. लोक तर मूळचा हौसिंगखालचा पाटा हौसिंगच्या वर नेतात, पाचेक इंच सरळ मिळतात. दोन इंचात काय मजा?

नियमवाले:
आणि आरटीओ? २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेर गाडी बदलता येत नाही. पासिंगला काय करणार?

मधुकर_४बाय४:
आधी उसाचे ट्रॉलीवाले पकडा म्हणावं, दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही, वर डीजे.

मेलबर्नचा_माने:
इकडेही एका मर्यादेनंतर इंजिनिअरचं सर्टिफिकेट लागतं बरं का. उगाच वाटू नये की मोकळं रान आहे.

कुळेकर:
आमच्या गोव्यातल्या कुळ्याला दूधसागरच्या जीपा सीझनभर नदीतून जातात, तिथे कोणी लिफ्टचं नाव काढत नाही. पाण्यातून आली की क्रॉसला ग्रीस मारायचं, एवढंच.
पण एक सांगतो. माझी गाडी लिफ्ट न करताच थरथरायला लागली होती. ग्रीसिंगला दिली तेव्हा त्या माणसाने शाफ्टचा स्लिप जॉइंट (आत-बाहेर सरकणारा सांधा) ओढून काढला आणि परत घालताना खोबणीत एक दात चुकवला. दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे चिमटे) एका रेषेत राहिले नाहीत. मी टायर बॅलन्स केले, अलाइनमेंट केली, क्रॉस बदलले, सगळं फुकट. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने खाली झोपून नुसतं बघितलं आणि हसला. तेव्हा शाफ्ट काढण्याआधी दोन्ही भागांवर पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेव.

लेथवाला_सांगली:
हे लाखातलं बोललात. शिवाय जिप्सीचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळा, मधे छोटा शाफ्ट. त्याचे रबर माउंट बसले की तो पण हलतो आणि लोक शिव्या लिफ्टला देतात. तुमच्या इथल्या त्या थरथरणाऱ्या गाडीला आधी ७० वर न्यूट्रल करायला सांग. इंजिन आयडलला आलं तरी थरथर तशीच राहिली तर शाफ्ट नाहीतर टायर, थांबली तर इंजिन-क्लचकडे बघा. पुढचे हब फ्री (चाकं अ‍ॅक्सलपासून सुटी) असले तर पुढचा शाफ्ट फिरतच नाही, म्हणजे टू व्हीलमध्ये संशय मागच्यावर. आणि लिफ्टने शाफ्ट ताणला जातो, खोबणीत पकड कमी राहते, मग फ्लँजला स्पेसर लावतात. ब्रेकचा होज पण लांब लागतो, तो कोणी मोजत नाही.

रानगवा:
किटमध्ये होज पण येतो.

साधा_ड्रायव्हर:
मला एक कळत नाही, लिफ्ट करून डिफरन्शियल वर जात नाही, ते टायरनेच वर जातं. २०५/७० वरून २१५/७५ म्हणजे हौसिंग साधारण १८ मिमी वर गेलं, ते त्याला आधीच मिळालंय. मग लिफ्ट कशाला?

रानगवा:
पोट वर जातं ना. चेसिस.

साधा_ड्रायव्हर:
त्याने पोटाबद्दल लिहिलंच नाही, मडगार्ड लिहिलंय.

कृष्णेचा_काठ:
मग बॉडी लिफ्ट करा म्हणावं, शाफ्टला हातच लावायला नको 😄

मधुकर_४बाय४:
बॉडी लिफ्ट म्हणजे चेसिस खाली आणि डबा वर, जत्रेतली गाडी. असले धंदे करू नये.

रानगवा:
+१. दिसायला पण घाण.

लेथवाला_सांगली:
नको रे. मागचे बसलेले पाटे बदल, पुढच्यांना एक एक पान वाढव, कोन मोज, पाचर टाक. २५ च्या आसपास बसेल.

वारणाकाठ:
सगळ्यांचे आभार, काल रविवारी खाली झोपून मोजलं. मागचे दोन्ही फ्लँज आत्ता जवळजवळ सारखे आहेत आणि ७० ला काही थरथरत नाही. मग जे जुळलंय ते मी कशाला हलवू? बॉडी लिफ्ट करतोय, सव्वा इंच. टर्नरकडून नायलॉनचे गट्टू कापून घेतो, बोल्ट नवीन लांब. दिसायला जत्रेतली गाडी तर जत्रेतली.

मधुकर_४बाय४:
विचारायचं कशाला मग.

लेथवाला_सांगली:
करणारच असशील तर बोल्ट ८.८ ग्रेडचेच घे. रेडिएटर बॉडीबरोबर वर जातो आणि फॅन जागेवरच राहतो, तेव्हा आवरणाला पातं लागतंय का बघ. स्टेअरिंगचा जॉइंट, पेट्रोल भरायचा पाइप, अर्थिंगची वायर, गिअरच्या दांड्याचं रबर, हे सगळं ढिलं करून मगच उचल. एका बाजूचे बोल्ट एका वेळी.

रानगवा:
तुझे जुने २०५ चे टायर विकायचेत का? किती मिमी शिल्लक आहेत?